पडद्यावरचे भय

आम्ही आठ-नऊ वर्षांचे असताना एका सायंकाळी घरच्या मंडळींसोबत चित्रपट पाहावयास गेलो होतो. त्याची कथा आज आठवत नाही. आठवतो तो आपोआप उघडणारा एक दरवाजा, आणि त्यानंतर कित्येक दिवस, अंधार पडला की घरामागच्या विहिरीकडे न पाहता धूम ठोकणारे आम्ही. आईला मात्र आम्ही हे कधी सांगितले नाही. लाज वाटली.

अशा आठवणी बहुतेकांपाशी असतात; मोठेपणी त्या हसण्यावारी नेल्या जातात. त्या गांभीर्याने गोळा केल्या त्या शिकागो विद्यापीठातील समाजशास्त्रज्ञ हर्बर्ट ब्लूमर यांनी. १९२९ ते १९३२ या काळात अमेरिकेत 'पेन फंड' या संस्थेच्या साहाय्याने चित्रपट आणि मुले यांविषयी मोठे संशोधन झाले. त्याचा एक भाग म्हणून ब्लूमर यांनी अठराशेच्या आसपास विद्यार्थी व नोकरदार तरुणांकडून त्यांच्या चित्रपटविषयक आठवणी लिहून घेतल्या. १९३३ साली त्यांचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. डोळ्यांवर धरलेले हात, डोक्यावरून ओढलेले पांघरूण, निजण्यापूर्वी खाटेखाली टाकलेली नजर – सारे त्यात आहे. १९२५ सालच्या 'द फँटम ऑफ द ऑपेरा' या मूकपटात नायिका मागून येऊन लॉन चेनीचा मुखवटा ओढते आणि त्याचा विद्रूप चेहरा उघडा पडतो. त्या चेहऱ्याने अनेकांची झोप उडविली होती. याच संशोधनमालेत ओहायो राज्यातील कोलंबस येथे मुलांच्या खाटांना यंत्रे जोडून, चित्रपट पाहिल्यानंतर ती रात्री किती तळमळतात याचीही नोंद घेण्यात आली.

परंतु आम्हांला या ग्रंथात सर्वांत अस्वस्थ करणारी गोष्ट निराळीच वाटते. त्या काळच्या अनेक मालिका-चित्रपटांत क्रूर खलनायक चिनी असे. ते पाहिलेल्या काहींनी प्रांजळपणे लिहिले आहे, की पुढे चिनी माणसाच्या धोबीखान्यावरून जाताना त्यांची पावले आपोआप झपझप पडू लागत. आत बिचारा कोणी परमुलखातला मनुष्य इस्त्री फिरवीत बसलेला असे. त्याने कोणाचे काय बिघडविले होते? भुताची भीती वयाबरोबर ओसरते. शेजाऱ्याची भीती मात्र कधी कधी मत बनून मनात ठाण मांडते.

त्या काळी ख्रिस्तसभाही चित्रपटांविषयी जागरूक होती. १९३० साली अमेरिकन चित्रपटसृष्टीने स्वीकारलेल्या आचारसंहितेच्या लेखनात येशूसंघीय धर्मगुरू डॅनियल लॉर्ड यांचा प्रमुख वाटा होता. १९३४ साली लक्षावधी कॅथलिकांनी अनैतिक चित्रपट न पाहण्याची प्रतिज्ञा घेतली. २९ जून १९३६ रोजी पोप अकरावे पायस यांनी या विषयावर 'विजिलांती कुरा' हे विश्वपत्र प्रसृत केले. हे कार्य मोलाचे होते. तथापि वडीलधाऱ्यांचे मुख्य लक्ष होते ते पापाच्या दर्शनाकडे. मुलाला कशाचे आणि कोणाचे भय वाटते, हा प्रश्न मागेच राहिला.

तो प्रश्न आपल्याला परका नाही. गेल्या शतकातील कितीतरी हिंदी चित्रपटांत तस्कराचा हस्तक 'रॉबर्ट' असे आणि गळ्यात क्रूस घातलेला मनुष्य दारूच्या बाटलीसह दिसे. ते पाहून आपण दुखावलो, आणि ते योग्यच होते. पण दुसऱ्या कोणा समाजाचा मनुष्य खलनायक म्हणून पडद्यावर आला, तेव्हा आपण आपल्या मुलांना काय सांगितले? बहुधा काहीच नाही.

भारतात २०२४ च्या नियमांनुसार पालकांच्या मार्गदर्शनाखाली पाहावयाच्या चित्रपटांची सात, तेरा व सोळा वर्षे अशी वयानुसार विभागणी झाली आहे. ती उपयुक्त आहे. परंतु चित्रपट संपल्यावर घरी जाताना मुलाशी बोलण्याचे काम कोणतेही प्रमाणपत्र करू शकत नाही. वाटेत मूल गप्प असेल, तर त्याचा हात धरून विचारावे, "बाळा, कशाची भीती वाटली?" आणि त्याचे उत्तर न हसता ऐकावे. आम्हांला त्या सायंकाळी कोणी तसे विचारले असते, तर ती विहीर इतके दिवस भयाण वाटली नसती.