७५ रुपये आणि २० वर्षे

चाळिशीत निवृत्त व्हावे आणि त्यासाठी विशी-तिशीतली मिळकत होईल तितकी राखून ठेवावी, हा विचार अलीकडे आपल्याकडच्या शिकलेल्या तरुणांत बराच रुजला आहे. आमच्या शिक्षककक्षातही त्याची गणिते मांडली जातात. वर्षाच्या खर्चाच्या २५ पट रक्कम साठली की नोकरी सोडायला माणूस मोकळा, असा त्यातला ठोकताळा. १९९४ साली विल्यम बेंगन या अमेरिकी आर्थिक सल्लागाराने तेथील शेअर आणि रोख्यांच्या जुन्या आकड्यांवरून असे दाखविले की, पहिल्या वर्षी साठ्यातील सुमारे ४ टक्के आणि पुढे महागाईप्रमाणे वाढवत रक्कम काढली तर साठा ३० वर्षे पुरतो. २५ पटीचा हिशेब याच टक्केवारीचा. ३० वर्षे ही साठीत निवृत्त होणाऱ्याची मुदत. चाळिशीत थांबणाऱ्याचे काय, हा प्रश्न उरतोच. परंतु त्या गणिताची तपासणी हा आमचा विषय नव्हे. साठवावे किती, पुरे कशाला म्हणावे आणि जगावे केव्हा, हा वाद मराठी समाजात नवा नाही. १८८० च्या दशकातील पुण्यात तो कडवटपणे झाला, आणि झाला तो फार नामवंत माणसांत. साहित्याच्या अभ्यासकांना ही माणसे निबंधकार आणि संपादक म्हणून ठाऊक असतात. त्यांच्या पगाराकडे आपण सहसा पाहत नाही.

'पेन्शनरांचे गाव' ही पुण्याची ओळख इंग्रजी अमदानीतील सरकारी नोकरीने घडविली. ५५ व्या वर्षापर्यंत कचेरी, मग पेन्शन, मग वाड्याच्या ओसरीवर पोथी किंवा वर्तमानपत्र, असा तो आयुष्यक्रम. वानप्रस्थाश्रमाची जागा पेन्शनने घेतली असे गमतीने म्हटले जाते, पण दोहोंत फरक मोठा आहे. वानप्रस्थी घर सोडून जातो, पेन्शनर घरी परत येतो. विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी १८७९ साली सरकारी शाळेतील नोकरीचा राजीनामा दिला, तेव्हा त्यांनी पगाराबरोबर हा ओसरीवरचा भविष्यकाळही सोडून दिला होता. १८८० च्या जानेवारीत न्यू इंग्लिश स्कूल सुरू झाले आणि १८८२ च्या मार्चमध्ये विष्णुशास्त्री गेले. वयाची ३२ वर्षेही पुरी झालेली नव्हती.

१८८४ साली डेक्कन एज्युकेशन सोसायटी स्थापन झाली, १८८५ साली फर्ग्युसन कॉलेज निघाले, आणि सरकारी नोकरीला पर्याय म्हणून आजीव सदस्यत्वाचा करार आकारास आला. त्याची कलमे आजही विचार करायला लावतात. सदस्याने २० वर्षे संस्थेला द्यायची, दरमहा ७५ रुपये घ्यायचे, ३००० रुपयांचा आयुर्विमा असायचा आणि मुदत संपली की लहानसे निवृत्तिवेतन. विशीच्या मध्यावर आलेला माणूस पंचेचाळिशीच्या सुमारास मोकळा होई. आजचा तरुण जे एकट्याच्या हिमतीवर करू पाहतो, ते येथे चार जणांनी मिळून बांधलेल्या संस्थेने करून दिले होते. उद्याची काळजी संस्थेवर सोपविली होती, म्हणून आज थोडक्यात भागविता येत होते.

त्यागाच्या कथा सांगताना एक गोष्ट आपल्याकडून सुटते. गोपाळ कृष्ण गोखले कोल्हापुरात शिकत असताना त्यांच्या थोरल्या बंधूंना दरमहा १५ रुपये मिळत आणि त्यातले ८ रुपये ते धाकट्या भावाला पाठवीत. उरलेल्या ७ रुपयांत त्यांचा संसार चाले. ही आकडेमोड समोर ठेवली म्हणजे ७५ रुपये हे दारिद्र्य नव्हते हे कळते. त्या पदवीधरांना सरकारात जे मिळू शकले असते त्याच्या मानाने ते थोडे होते, एवढेच.

आता वादाकडे येऊ. पाठ्यपुस्तकांत टिळक-आगरकर वाद 'आधी राजकीय की आधी सामाजिक' या एका ओळीत बसविला जातो. आम्हीही वर्गात तो तसाच शिकवीत आलो. ती ओळ खोटी नाही. परंतु १८८७ ते १८९० या काळात संस्थेच्या आत जे भांडण झाले त्यातला मोठा भाग पैशाचा होता. आजीव सदस्यांचे वेतन वाढवावे की नाही, आणि सदस्याने संस्थेबाहेर काम करून मिळकत करावी की नाही, हे ते दोन प्रश्न. टिळकांपुढे जेझुइट पंथाच्या धर्मगुरूंचा आदर्श होता. ज्याने संस्थेला वाहून घेतले त्याने आपली सगळी शक्ती तिलाच द्यावी, पोटापुरते घ्यावे आणि अधिकाची आशा धरू नये. आगरकर-गोखल्यांचे म्हणणे असे की, सदस्य हा संन्यासी नव्हे, त्याला घर आहे. घराच्या गरजा वाढतात, आणि संस्थेचे काम चोख केल्यावर उरलेला वेळ त्याचा स्वतःचा असतो.

टिळकांची बाजू तत्त्व म्हणून अधिक नितळ आहे, हे मान्य केले पाहिजे. तरीही साधेपणाची व्याख्या करणाऱ्यापाशी मागे काय आहे, हेही पाहावे लागते. टिळकांना कोकणात वडिलोपार्जित जमीन होती. टेंभूच्या आगरकरांना मागे काहीच नव्हते. पुढे एखादे वर्ष वाईट गेले तर, हा प्रश्न दोघांना सारख्या वजनाने भेडसावणे शक्यच नव्हते. गोखल्यांनी सार्वजनिक सभेचे चिटणीसपद पत्करल्याचे निमित्त झाले आणि १८९० च्या अखेरीस टिळक संस्थेतून बाहेर पडले. पुढे उपजीविकेसाठी त्यांनी कायद्याचा वर्ग चालविला, लातूरच्या जिनिंग कारखान्यात भागीदारी केली. यात विसंगती काढणारे काढतात. आम्हांला ती दिसत नाही, कारण करारातून बाहेर पडलेल्या माणसाने मिळकतीचे मार्ग शोधणे त्याच्या तत्त्वाला सोडून नव्हते.

या माणसांच्या आयुष्यात आनंद नव्हता, ते सतत दात-ओठ खाऊन जगत होते, अशी समजूत करून घेणे मात्र चूक ठरेल. कोल्हापूर प्रकरणात १८८२ साली टिळक-आगरकर डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस होते. त्यावरचे आगरकरांचे पुस्तक प्रसिद्धच आहे. रात्री दोघांच्या चर्चा अशा रंगत की, आवाज चढल्यावर पहारेकऱ्यांना हटकावे लागे. एकाच कोठडीत बसून भविष्यातल्या शाळा-कॉलेजांवर वाद घालणाऱ्या पंचविशीतल्या मित्रांना 'मजा पुढे करू' असे वाटले असेल, असे आम्हांला वाटत नाही. काम आणि मौज यांची वेगवेगळी खाती त्यांच्याकडे नव्हती. आज ती खाती वेगळी झाली आहेत. नोकरी हा खर्च आणि निवृत्ती ही जमा, असे मनात एकदा बसले की मधली २० वर्षे केव्हा एकदा संपतात असे होऊन जाते.

आगरकर १८९२ साली प्राचार्य झाले आणि १७ जून १८९५ रोजी दम्याच्या विकाराने गेले. ३९ वे वर्षही पुरे झाले नव्हते. कराराची मुदत संपण्यास पुष्कळ अवकाश होता. आपल्या अंत्यविधीचा खर्च त्यांनी पुरचुंडीत बांधून उशाशी ठेवला होता, ही आठवण पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाते. ती बहुधा निःस्पृहतेचा दाखला म्हणून सांगतात. आम्हांला तीत दुसरेही काही दिसते. आपल्या मागे यशोदाबाईंना त्या दिवशी कोणापुढे हात पसरावा लागू नये, ही ती काळजी. साठविण्यामागची सर्वांत जुनी प्रेरणा हीच असावी. स्वतःच्या सुखापेक्षा दुसऱ्याची लाचारी टळावी म्हणून बाजूला ठेवलेले ते पैसे होते.

गोखल्यांचे उदाहरण याहून निराळे. १९०२ साली ते फर्ग्युसनमधून निवृत्त झाले तेव्हा त्यांचे वय ३६ होते आणि निवृत्तिवेतन दरमहा ३० रुपये. आजच्या भाषेत हे 'लवकर निवृत्त होणे'च. निरोपाच्या भाषणात त्यांनी समुद्रकाठी राहणाऱ्या एका माणसाची गोष्ट सांगितली. घर आहे, शेत पिकते आहे, माणसे प्रेमळ आहेत. तरी समुद्राची ओढ त्याला स्वस्थ बसू देत नाही. निवृत्ती म्हणजे गोखल्यांच्या लेखी बंदर सोडून वादळात जाणे. ओसरीवरचा पेन्शनर येथे अगदी उलटा झालेला दिसतो. अर्थात ३० रुपयांत कलकत्त्याच्या आणि विलायतेच्या वाऱ्या होत नाहीत. शाळेत शिकविताना तयार केलेल्या अंकगणिताच्या पुस्तकाने त्यांना पुढे कित्येक वर्षे मानधन दिले आणि घरखर्चाची चिंता हलकी केली. ज्या जादा मिळकतीच्या प्रश्नावरून मित्र दुरावले, तिच्याच एका प्रकाराने गोखल्यांना देशकार्यासाठी मोकळे केले, हा योगायोग इतिहासकारांनी फारसा लावून धरलेला नाही. ती मोकळीक त्यांना साडेबारा वर्षेही लाभली नाही. १९०५ साली भारत सेवक समाज काढला तेव्हा, सदस्याने स्वतःसाठी पैसा मिळविण्यात शक्ती खर्च करायची नाही, ही प्रतिज्ञा त्यात घातली. म्हणजे १८९० साली टिळक जे म्हणत होते त्याच्या बरेच जवळ गोखले येऊन पोचले होते. १९१५ च्या फेब्रुवारीत, वयाच्या ४८ व्या वर्षी, ते वारले.

न्यायमूर्ती रानडे सरकारी नोकरीत राहिले. रमाबाई रानड्यांच्या १९१० सालच्या आठवणींत आंब्याचा एक प्रसंग आहे. रानडे एक-दोन फोडी खातात आणि बशी बाजूला सारतात. रमाबाईंनी विचारल्यावर जिभेला ताब्यात ठेवण्याविषयी सांगतात. सुबत्तेतल्या माणसाचा तो संयम आहे. प्रकृती ढासळल्यावर १९०१ च्या आरंभी त्यांनी सहा महिन्यांची रजा घेतली, आणि रजेच्या पहिल्या काही दिवसांतच, १६ जानेवारीला, ते गेले.

हा सगळा इतिहास आम्ही आज का उकरून काढतो, त्याला कारण आहे. आमच्यापैकी बहुतेकजण १ नोव्हेंबर २००५ नंतर नोकरीस लागलेले. त्या तारखेनंतर राज्य शासनाच्या सेवेत आणि अनुदानित महाविद्यालयांत आलेल्यांची जुनी पेन्शन गेली. तिच्या जागी अंशदानाची योजना आली. पगारातून १० टक्के कापले जातात आणि शेवटी किती मिळेल ते बाजारावर अवलंबून राहते. एकाच कक्षात, एकाच विषयाचे, एकाच तासाला शिकविणारे दोन अध्यापक. एकाचा उद्या ठरलेला, दुसऱ्याचा अनिश्चित. तासिका तत्त्वावर येणाऱ्या तिसऱ्याकडे तर कापण्याजोगा नियमित पगारही नाही. मार्च २०२३ च्या संपात रस्त्यावर जी मागणी होती ती आळशी माणसांच्या ओसरीची नव्हती. संस्थेने किंवा शासनाने उद्याचा भार उचलला तर माणूस आज पुस्तक विकत घेतो, मुलांना सहलीला नेतो, न परवडणाऱ्या विषयावर संशोधन करतो. तो भार एकट्यावर आला की प्रत्येक आनंदाला २५ ने गुणावे लागते. आमचे काही तरुण सहकारी असे गुणाकार करीत बसतात त्याला लोभ म्हणणे अन्यायाचे आहे. १८८४ चा करार ज्या माणसांनी केला त्यांना हा गुणाकार करावा लागला नाही, कारण तो त्यांनी आधीच एकमेकांत वाटून घेतला होता.

मात्र त्या वाटणीत स्वयंपाकघर नव्हते, हे सांगितल्याशिवाय विषय पुरा होणार नाही. धोंडो केशव कर्वे १८९१ साली टिळकांच्या जागी गणित शिकविण्यास फर्ग्युसनमध्ये आले आणि १९१४ साली निवृत्त झाले. मधल्या काळात, १८९६ साली, त्यांनी अनाथ बालिकाश्रम काढला. शिल्लक होती ती त्यात घातली, आयुर्विम्याची पॉलिसीही आश्रमाच्या नावे केली. आश्रम हिंगण्याला गेल्यावर कॉलेज सुटले की गावापासून तेथवर पायी जाणे-येणे चाले. निवृत्तीनंतर दोन वर्षांनी त्यांनी महिला विद्यापीठ उभे केले आणि पुढे वयाची शंभरी ओलांडली. अण्णासाहेबांचे 'आत्मवृत्त' १९१५ साली आले. ते वाचताना पैसा हा त्यांच्या हातून वाहून जाण्यासाठीच येत होता असे वाटते.

त्यानंतर जवळजवळ ३० वर्षांनी, १९४४ साली, आनंदीबाई कर्वे यांचे 'माझे पुराण' प्रसिद्ध झाले. देवरुखची बालविधवा गोदू, पंडिता रमाबाईंच्या शारदासदनातील पहिल्या विद्यार्थिनींपैकी एक, १८९३ साली पुनर्विवाहाने कर्व्यांच्या घरी आली. त्या घरात विम्याची पॉलिसी म्हणजे तिच्या आणि मुलांच्या उद्याचा एकमेव आधार होता. 'माझे पुराण'मध्ये पतीच्या कार्याविषयी अभिमान आहे, आणि घरात काही उरत नसे याविषयीची तक्रारही आहे. आनंदीबाईंनी ती मोकळ्या, काहीशा खट्याळ मराठीत मांडली आहे. देवत्वाला पोचलेल्या नवऱ्यासंबंधी असे लिहिण्यास धैर्य लागते. त्यांनी नुसती तक्रार केली नाही. अण्णासाहेब देत राहणार हे ओळखून त्या लग्नानंतर नागपूरला गेल्या आणि सुईणीचे शिक्षण घेऊन आल्या, म्हणजे घरात दुसरी मिळकत असावी आणि ती त्यांच्या स्वतःच्या हाती असावी.