ये आणि या

मुलांनी मोठ्या माणसांना नावानं हाक मारावी की काका, मामा, मावशी म्हणावं, हा प्रश्न बचत गटाच्या बैठकीत अधूनमधून निघतो. शहरातून आलेली सून सांगते, "आमच्या कंपनीत साहेबांनाही नावानंच बोलावतात." त्यावर म्हाताऱ्या बायका म्हणतात, "आपल्यात नाही बाई असं!" पण आपल्याकडे हे खरंच कधी नव्हतं का? थोडं मागं जाऊन बघूया.

जुन्या एकत्र घरात मुलं जे कानावर पडे ते बोलत. धाकटे दीर म्हणायचे म्हणून कितीतरी मुलं सख्ख्या आईला 'वहिनी' म्हणत आणि वडिलांना 'अण्णा' किंवा 'दादा'. आईला 'अगं', वडिलांना 'अहो'. कुणाला किती मान द्यायचा, हे मूल पाटीवर अक्षर गिरवण्याआधीच शिकायचं.

उंबऱ्याबाहेर हाच धडा कडू होता. वाड्यावरचं दहा वर्षांचं पोर आजोबांच्या वयाच्या गड्याला 'सख्या, इकडं ये' म्हणायचं. सखारामचा सख्या, धोंडीबाचा धोंड्या, भागूबाईची भागी. त्या पोराला कुणी दटावत नसे, कारण घरातले मोठेही तसंच बोलत. म्हणजे मोठ्यांना नावानं हाक मारण्याची रीत आपल्याकडे होतीच, पण ती ठरावीक जातींच्या आणि गरिबांच्या वाट्याला आलेली.

याची मुळं जुनी आहेत. मनुस्मृतीच्या दुसऱ्या अध्यायात सांगितलंय की ब्राह्मणाचं नाव मंगल असावं, क्षत्रियाचं बळ दाखवणारं, वैश्याचं धनाचं आणि शूद्राचं तुच्छता दाखवणारं. म्हणजे बारशालाच पायरी ठरायची. २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली हा ग्रंथ जाळला गेला.

त्याआधी १८७३ साली जोतीराव फुल्यांचं 'गुलामगिरी' हे पुस्तक आलं. ते जोतीराव आणि धोंडीबा यांच्यातल्या प्रश्नोत्तरांतून लिहिलेलं आहे. त्यातला प्रश्न विचारणारा धोंड्या नाही, धोंडीबा आहे.

महार समाजाला वरच्या जातींपुढं वाकून 'जोहार' घालावा लागे. चळवळीनं तो सोडायला लावला आणि 'जय भीम' आलं. कामठीचे बाबू हरदास यांनी ते रुजवलं असं मानतात. जोहार एकानं घालायचा आणि दुसऱ्यानं घ्यायचा असे. 'जय भीम'ला उत्तर 'जय भीम' असंच येतं. लहान असो की थोर, शब्द एकच.

आता बायकांचं बघा. आपल्यावर उलटा अन्याय झाला. लग्नात नाव बदललं, मग 'थोरली', मग 'अमक्याची आई'. गटाचं खातं काढताना काहीजणींना स्वतःचं पूर्ण नाव सांगायलाही लाज वाटते. बँकेत ते नाव मोठ्यानं पुकारलं की शेजारी उभं असलेलं लेकरू आईकडं बघतच राहतं. म्हणजे नाव घेण्यातही मान असतो.

मग अपमान कशात होता? मला वाटतं, तो 'ये'मध्ये होता. इंग्रजीत लहानथोरांना 'यू' हा एकच शब्द चालतो. त्यामुळं कंपनीत नुसतं नाव घेतलं तरी कुणी खाली जात नाही. मराठीत 'ये' आणि 'या' यांत अख्खी उतरंड मावते.

ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ पासून बोर्डीत बालवाडीचं काम उभं केलं. गरीब वस्तीतली मुलं शाळेपर्यंत येत नव्हती, म्हणून त्यांच्या अंगणातच शाळा नेली. तिथूनच अंगणवाडी हा शब्द आला. आज आपल्या अंगणवाडीत सेविका कुठल्याही जातीची असो, मुलं तिला 'ताई' म्हणतात आणि मदतनीस बाईंना 'मावशी'. जे चार वर्षांच्या लेकराला जमतं, ते आपल्या ओट्यावरही जमायला हवं.

तेव्हा मैत्रिणींनो, मुलांना नाव शिकवा नाहीतर नातं शिकवा, पण माप सगळ्यांना एकच ठेवा. डॉक्टरांना 'या' म्हणणारं मूल झाडूवाल्या मावशींना आणि शेतावरच्या मजूर काकांनाही 'या' म्हणतंय ना, एवढं बघा. आणि त्याआधी आपण स्वतः काय म्हणतो, तेही ऐका. मुलं ते ऐकूनच शिकतात.