खुणेची पट्टी

माझे वडील साताऱ्यात एका डॉक्टरांकडे कंपाउंडर होते. मिक्स्चर कालवणं, खलात गोळ्या कुटून पुड्या बांधणं ही रोजची कामं. पण त्यांचा हात बघावा तो बाटलीवरच्या पट्टीत. पांढऱ्या कागदाची बोटभर रुंद पट्टी घ्यायची, जितके डोस तितक्या घड्या घालायच्या आणि मिटलेल्या घडीचे कोपरे कात्रीने तिरपे उडवायचे. उलगडली की दोन्ही कडांना सारख्या अंतरावर खाचा. मैद्याची खळ लावून ती बाटलीवर उभी डकवायची. अक्षरओळख नसलेल्या म्हाताऱ्या माणसालाही पुढे काही विचारावं लागत नसे. औषध एका खाचेवरून दुसऱ्या खाचेवर उतरलं की एक डोस झाला.

बाटली पेशंटने घरून आणायची, बुचासकट. ‘बाटली आणलीय का?’ हा तपासणीच्याही आधीचा प्रश्न. डॉक्टर चिठ्ठीवर लॅटिन आद्याक्षरं लिहीत. टीडीएस म्हणजे दिवसातून तीनदा, एचएस म्हणजे झोपताना. ती वडिलांसाठी. पेशंटसाठी पट्टी, आणि तोंडी दोनच गोष्टी: हलवून घ्या, आंबट खाऊ नका. हलवण्याला कारण होतं. खडूसारखी न विरघळणारी पूड तळाशी बसते. न हलवता घेतलं तर आधीचे डोस पाणचट आणि शेवटचा भलताच कडक. जेवणानंतरच्या पुडीचा कोपरा वडील दुमडून ठेवत, जेवणाआधीची साधी. लिहिण्याचा संबंधच नाही.

सहा खुणांचं औषध दोन दिवसांत संपे. संपलं की बाटली घेऊन परत यायचं. त्या फेऱ्यांना लोक कंटाळत, पण त्या निमित्ताने डॉक्टरांना पेशंट पुन्हा दिसे, आणि पट्टीवरून वडिलांना कळे की कोणी किती घेतलं. चौथ्या दिवशी कोणी अर्धी भरलेली बाटली घेऊन आला की ते नुसते बाटलीकडे बघत. बिचारा स्वतःच सांगायला लागे.

या पेशंटांच्या पिढीची औषधाची समज मात्र दवाखान्यात घडलेली नव्हती. ती वैद्यांकडून आलेली. शार्ङ्गधर संहितेत औषध घेण्याचे पाच काळ सांगितले आहेत: सूर्योदयाला, दुपारच्या जेवणाशी, संध्याकाळच्या जेवणाशी, वारंवार आणि रात्री. शिवाय अनुपान, तीच पूड मधातून घ्यायची की तुपातून की कोमट पाण्यातून, यावर सगळं अवलंबून. म्हणून पुढे माझ्या मेडिकलच्या काउंटरवर आजोबा लोक आधी विचारायचे, ‘पथ्य काय? दुधाबरोबर चालेल का?’ माझ्याकडची तरणी पोरं हसायची. हसण्यासारखं त्यात काही नव्हतं. टेट्रासायक्लिन दुधाबरोबर घेतली तर दुधातलं कॅल्शियम तिला धरून ठेवतं आणि ती अंगी लागत नाही. थायरॉइडची गोळी उपाशीपोटीच घ्यावी लागते. प्रश्न अगदी बरोबर होता, उत्तर द्यायला आम्हाला वेळ नव्हता.

१९४८ साली फार्मसी कायदा आला, १९५६ साली मेट्रिक मापांचा. हळूहळू औंस जाऊन मिलिलिटर आले, कंपन्यांची तयार सिरपं आणि गोळ्या आल्या. मी डी. फार्म. करून मेडिकल टाकलं तोवर मिक्स्चरच्या बाटल्या खेड्यातल्या दवाखान्यांपुरत्या उरल्या होत्या. तयार औषध भेसळीपासून जास्त सुरक्षित, मोजमापाला नेमकं, यात वाद नाही. पण कसं घ्यायचं ते औषधावरच दिसण्याची सोय त्यात गेली. कात्री आमच्याकडेही होती, फक्त उलट्या कामाला. दहाच्या पट्टीतल्या चार गोळ्या मागितल्या की कापून द्यायच्या. गोळीचं नाव एका तुकड्यावर, एक्स्पायरी दुसऱ्यावर. मग पाकिटावर बॉलपेनने १-०-१. सहा महिन्यांनी पाकीट एकीकडे, गोळ्या दुसरीकडे.

म्हाताऱ्यांनी यातून आपला मार्ग काढला: रंग. वडिलांच्या वेळी ‘मागचं लाल औषध द्या, ते लागू पडलं’ म्हणत. तेच पुढे ‘बीपीची बारकी पांढरी, साखरेची लांबट’ झालं. कंपनी बदलली की ही खूण पुसली जाते. दोन डॉक्टरांनी एकच औषध दोन नावांनी दिलं तर दोन वेगळे रंग, म्हणजे दोन्ही घ्यायच्या. पिशवी काउंटरवर उपडी केली की असले जोड हटकून सापडायचे. आणि बरं वाटलं की थांबायचं, हा मिक्स्चरचा नियम रक्तदाबाला लावला जाई. दोन दिवसांच्या औषधाला तो ठीक होता. जन्मभराच्या गोळीला नाही, हे कोणी बसून समजावलं होतं?

२०१६ साली मेडिकल कौन्सिलने डॉक्टरांना सांगितलं की औषधाचं नाव सुवाच्य, शक्यतो मोठ्या लिपीत लिहा. चांगलं झालं. माझा हिशोब सोपा झाला. आजींचा नाही, कारण अक्षरं मोठी झाली तरी इंग्रजीच.

आमच्या आळीतल्या एका काकूंनी यावर मिसळणाचा डबा काढला. सात वाट्या, सात वार. मुलगी दर रविवारी भरून देते. सांधेदुखीची मेथोट्रेक्सेट त्यांना आठवड्यातून एकदाच घ्यायची आहे. ती चुकून रोज घेतली तर जिवावर बेतते. त्यांच्या डब्यात ती फक्त रविवारच्या वाटीत असते, त्यामुळे दुसऱ्या वारी हाताला लागतच नाही. मी डबा पाहिला, वाट्या कोरड्या आहेत ना ते बघितलं आणि एकच गोष्ट बाहेर काढायला लावली: छातीत दुखलं तर जिभेखाली ठेवायची गोळी. तिला वार नसतो. ती तिच्या मूळ पट्टीतच, उशाशी.