कवाड अडले तेव्हा

शनिशिंगणापुरात राहणाऱ्याने दारावर लेख लिहावा, यासारखा विनोद नाही. आमच्या जुन्या घरांना चौकट असते, उंबरा असतो. कवाड मात्र नसते. रात्री कुत्रे शिरू नये म्हणून फळी टेकवली की झाले. पुराच्या पाण्यातून शनिदेवाची शिळा काठाला लागली आणि गावाची राखण देवाने पत्करली, असे जुनी माणसे सांगत आली. काळाप्रमाणे या रिवाजालाही मुरड पडली. २०११ साली युको बँकेने गावात शाखा काढली, तिचे 'बिनकुलपाची बँक' म्हणून मोठे कौतुक झाले. पण काचेच्या दाराला विजेवर चालणारे, सहसा नजरेत न भरणारे कुलूप होतेच. २०१५ साली पोलीस ठाणे आले. त्यालाही पुढचे दार नव्हते!

अशा गावात मला दाराने अडवले, आणि तेही संगणकाच्या.

मी ज्या शाळेत शिकवतो, तिथल्या एका संगणकावर लिनक्स आहे. त्यावर मी चार वर्षे परिसरातल्या म्हाताऱ्यांच्या तोंडच्या जात्यावरच्या ओव्या साठवत होतो. त्यांतल्या तिघी आता हयात नाहीत. दुसरी प्रत काढायची राहून गेली होती. आळस माझा, दुसऱ्या कुणाचा नाही. श्रावणातल्या एका शनिवारी यंत्र सुरू केले, तर नाव आणि परवलीचा शब्द विचारणारा नेहमीचा पडदा आलाच नाही. काळोख, आणि डाव्या कोपऱ्यात मिचकणारी एक रेघ. दुरुस्तीवाला म्हणाला, "गुरुजी, सोमवारी येतो. सगळं पुसून नव्यानं भरावं लागेल." सगळं पुसून! माझ्या डोळ्यांपुढे त्या तिघी उभ्या राहिल्या.

आता थोडे मागे जाऊ. संगणकाला परवलीच्या शब्दाचे दार लागले ते अमेरिकेतल्या एमआयटीत, १९६१च्या सुमारास. एकच अवजड यंत्र अनेकांनी एकाच वेळी वापरावे, अशी सोय फर्नांडो कोर्बातो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केली. मग ज्याचे त्याचे काम वेगळे राखण्यासाठी प्रत्येकाला परवलीचा शब्द दिला. कुलूप आले तिथे चोरही आला. १९६२ साली ॲलन शेर नावाच्या संशोधकाने, आपल्या वाटणीपेक्षा जास्त वेळ यंत्र मिळावे म्हणून, सगळ्यांच्या परवलीच्या शब्दांची यादी यंत्राकडूनच छापून घेतली. आमच्या गावच्या रिवाजाला हसणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे!

ते दार नुसत्या अक्षरांचे होते. पुढे १९८४ साली एमआयटीतच 'एक्स' नावाची, पडद्यावर खिडक्या आणि चित्रे उमटवणारी व्यवस्था जन्मली, आणि १९८८ साली तिच्यासाठी 'एक्सडीएम' नावाचा द्वारपाल आला. आजच्या लिनक्सवरचे 'जीडीएम', 'एसडीडीएम' हे त्याच कुळातले. वाचकहो, सारी मेख इथेच आहे. हा द्वारपाल घराचा मालक नव्हे. यंत्र जागे झाले, चकती सापडली, इतर चाकर कामाला लागले, की अगदी शेवटी येणारा तो एक नोकर. तो आला नाही म्हणून घर जळाले असे होत नाही.

हे मला उमगले ते एका जुन्या विद्यार्थिनीमुळे. ती आता पुण्याला असते. फोनवर म्हणाली, "सर, काहीही पुसू देऊ नका. कंट्रोल, ऑल्ट आणि एफ-थ्री एकदम दाबा." दाबले. काळ्या पडद्यावर पांढऱ्या अक्षरांत यंत्राने माझे नाव विचारले. १९६१चेच ते दार, मागच्या अंगणात अजून शाबूत!

मग तिने एकेक शंका फेडली. कधी यंत्राचा गाभा नवा होतो आणि चित्रपत्रिकेचा चालक जुनाच राहतो. दोघांचे जुळत नाही. कधी दोन द्वारपाल एकाच चौकटीसाठी भांडतात. कधी कुणी चुकून यंत्राला 'अक्षरांपुरतेच जागे हो' असे सांगून ठेवलेले असते. "पण आधी रोजनिशी वाचू," ती म्हणाली. 'जर्नलसीटीएल' ही आज्ञा दिल्यावर यंत्राने सकाळपासूनची हकीकत मांडली. त्यात एकच तक्रार पुनःपुन्हा : जागा उरली नाही.

'डीएफ' असे लिहून पाहिले. चकती शंभर टक्के भरलेली! द्वारपालाला कामावर येताना चार ओळींची नोंद करावी लागते. तेवढीही जागा नव्हती, म्हणून बिचारा उंबऱ्यावरच कोसळत होता. जागा खाल्ली कुणी? माझ्या ओव्यांनी नव्हे. बिघडलेल्या छपाईयंत्राने दर क्षणाला तीच ती रडकथा नोंदवहीत लिहून तिचा डोंगर केला होता. आमच्या गावातही असे एकदोघे आहेत. नावे सांगत नाही.

ती सांगेल तसे एकेक अक्षर तपासत मी नोंदवही रिकामी केली. पुसण्याची आज्ञा देताना हात कापत होता. छपाईयंत्राची तार उपसली. मग द्वारपालाला पुन्हा हाक दिली : 'सिस्टिमसीटीएल', 'रीस्टार्ट', आणि त्याचे नाव.

पडदा क्षणभर काळा झाला. मग निळसर उजेडात ओळखीची चौकट उमटली.

त्या रात्री घरी जायला अकरा वाजले. सोमवारी दुरुस्तीवाला आला, तोवर ओव्यांच्या दोन प्रती झाल्या होत्या. एक माझ्या कपाटात, एक पुण्याला तिच्याकडे. कपाटाला कुलूप नाही.