निखाऱ्यावर अन्न भाजणे

निखाऱ्यावर अन्न भाजणे ही लाकूड किंवा लाकडी कोळसा पेटवून, ज्वाळा ओसरल्यावर उरलेल्या विस्तवावर जाळीच्या अथवा सळईच्या साहाय्याने अन्न शिजवण्याची पद्धत आहे. खानदेशात भरिताची वांगी पऱ्हाट्यांच्या विस्तवावर भाजतात. घरगुती वापरात शेगडी किंवा बार्बेक्यूची जाळी वापरली जाते.

भाजलेल्या पदार्थाचा तपकिरी रंग व खमंग वास प्रामुख्याने अमिनो आम्ले आणि शर्करा यांच्यातील मेयार अभिक्रियेमुळे येतो. फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ लुई कामीय मेयार यांनी १९१२ मध्ये तिचे वर्णन केले. खमंग आणि करपलेले यांतील अंतर मात्र थोडेच असते.

आरोग्यविषयक बाबी

मांस व मासे अतिशय उच्च तापमानावर भाजल्यास त्यांत हेटरोसायक्लिक अमाइन ही संयुगे तयार होतात. चरबी निखाऱ्यांवर ठिबकली की उठणाऱ्या धुरातून पॉलिसायक्लिक अ‍ॅरोमॅटिक हायड्रोकार्बन अन्नावर बसतात. त्यांपैकी बेंझोपायरीनचा समावेश आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने मानवी कर्करोगकारकांच्या पहिल्या गटात केला आहे. म्हणून चरबी काढून टाकणे, ज्वाळा विझू देणे, तुकडे वारंवार परतणे आणि करपलेला भाग टाकून देणे हितकर ठरते. मात्र करपण्याच्या भीतीने अन्न कच्चे ठेवणेही योग्य नव्हे. कोंबडीच्या मांसाचे आतील तापमान ७४ अंश सेल्सिअसपर्यंत पोहोचले पाहिजे. वरून रंग आला म्हणजे आतून शिजले, असे नसते. कच्च्या मांसाला लावून उरलेला मसाला भाजलेल्या तुकड्यांवर पुन्हा लावू नये, तसेच कच्च्या मांसाचे ताट धुतल्याशिवाय वाढण्यासाठी घेऊ नये.

कार्बन मोनॉक्साइडचा धोका

धूर थांबला की शेगडी निर्धोक झाली, हा समज प्राणघातक आहे. लालबुंद, धूर नसलेल्या निखाऱ्यांतूनही कार्बन मोनॉक्साइड बाहेर पडतो. या वायूला रंग व वास नसल्याने तो जाणवत नाही. रक्तातील हिमोग्लोबिनशी तो प्राणवायूपेक्षा दोनशेहून अधिक पटींनी घट्ट बांधला जातो. पाऊस आला म्हणून शेगडी खोलीत आणणे, किंवा थंडीत उरलेल्या निखाऱ्यांची ऊब घेत दारे-खिडक्या लावून झोपणे यांमुळे झोपेतच मृत्यू ओढवू शकतो. बंदिस्त सज्जा अथवा गाडी ठेवण्याची खोली हीदेखील मोकळी जागा मानता येत नाही. नुसती खिडकी उघडणेही पुरेसे नसते. डोकेदुखी, मळमळ वा गुंगी जाणवल्यास सर्वांनी तत्काळ उघड्यावर यावे आणि वैद्यकीय मदत घ्यावी. महाराष्ट्रात १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका मिळते.