वकिलीतील उमेदवारीची तीन वर्षे

येडेश्वरीच्या गेल्या चैत्री यात्रेत चुनखडी वेचण्याचा सोहळा आटोपून आम्ही काही मंडळी आमराईत सावलीस बसलो होतो. तेव्हा आपल्याच ज्ञातीतील एक माउली कन्येसह जवळ आली व म्हणाली, "गुरुजी, पोरगी वकिलीची परीक्षा पास झाली. आता तिला पगार किती मिळंल?" चाळीस वर्षांच्या शिक्षकीत अनेक पालकांचे अनेक प्रश्न मी ऐकले व त्यांची यथामति उत्तरेही दिली. परंतु या प्रश्नापुढे मी निरुत्तर झालो. मुलगी मान खाली घालून उभी होती. तिला उत्तर ठाऊक असावे. आईचा तो प्रश्न मनात घोळत राहिला आणि त्यातूनच हा लेख सिद्ध झाला आहे. ज्ञातिबांधवांनी तो शांतपणे वाचावा व शेवटी केलेल्या सूचनेचा विचार करावा, एवढीच विनंती.

प्रथम हे ध्यानी घ्यावयास हवे की, वकिली ही नोकरी नव्हे. तिला वेतनश्रेणी नाही, महागाई भत्ता नाही, की निवृत्तिवेतन नाही. पक्षकार येईल तेव्हा फी मिळेल. पण नवख्याकडे पक्षकार यावा कसा? बार कौन्सिलच्या नियमांनी वकिलास जाहिरात करता येत नाही. दाव्यात मिळणाऱ्या रकमेचा हिस्सा फी म्हणून ठरविता येत नाही. आणि वकिली चालू ठेवून पूर्ण वेळेची पगारी नोकरीही धरता येत नाही. हे निर्बंध पेशाची प्रतिष्ठा राखण्यासाठी आहेत व ते योग्यही आहेत. तथापि त्यांचा भार ज्येष्ठापेक्षा नवख्यावर अधिक पडतो, हे नाकारून चालणार नाही. म्हणून नवा वकील एखाद्या ज्येष्ठाच्या हाताखाली उमेदवारी करतो. या उमेदवारीच्या काळात त्याचे पोट कोणी भरावयाचे, हा प्रश्न आजचा नाही. त्याचा इतिहास पाहण्यासारखा आहे.

आपल्याकडील वकिलीची घडण बरीचशी इंग्रजी पद्धतीवर झाली. एकोणिसाव्या शतकात लंडनमध्ये नवा बॅरिस्टर एखाद्या जाणत्या बॅरिस्टरकडे शिकावयास राही, तेव्हा वेतन मिळणे दूरच. उलट वर्षास १०० गिनी देण्याची त्यालाच वहिवाट होती. १०० गिनी म्हणजे १०५ पौंड. अर्थात ज्याच्या घरी पैसा, त्यालाच ती दारे उघडी. आता योगायोग पाहा. मोहनदास गांधी १८९१ साली बॅरिस्टर होऊन आले व मुंबईस गिरगावात बिऱ्हाड करून वकिलीस बसले. स्मॉल कॉज कोर्टात ममीबाई नामक स्त्रीचे काम ३० रुपये फीवर मिळाले. उलटतपासणीस उभे राहिले, पण तोंडातून शब्द फुटेना. फी परत करून ते बाहेर पडले. पुढे एका शाळेची जाहिरात वाचून रोज एक तास इंग्रजी शिकविण्याच्या ७५ रुपयांच्या जागेसाठी त्यांनी अर्ज केला. परंतु ते पदवीधर नाहीत म्हणून शाळेने नकार दिला. मुंबईचा खर्च झेपेना, तेव्हा ते राजकोटास परतले व अर्ज लिहून देऊन महिन्यास सुमारे ३०० रुपये मिळवू लागले. १८९३ साली दक्षिण आफ्रिकेतील कामासाठी त्यांना वर्षाचे जे मानधन ठरले ते होते १०५ पौंड! लंडनचा उमेदवार जेवढी रक्कम शिकण्यासाठी मोजी, तेवढीच या बॅरिस्टरास वर्षभराच्या कामाबद्दल मिळावयाची होती.

लोकमान्य टिळक १८७९ साली एल्‌एल्. बी. झाले, परंतु त्यांनी वकिली केली नाही. १८९० मध्ये डेक्कन एज्युकेशन सोसायटी सोडल्यावर चरितार्थासाठी त्यांनी कायद्याच्या परीक्षांचा वर्ग चालविला. साताऱ्यास वकिली करणारे नरसिंह चिंतामण केळकर १८९६ मध्ये पुण्यास आले, ते या वर्गाच्या व वृत्तपत्राच्या कामासाठीच. कायदा चालविण्यापेक्षा कायदा शिकविण्याचे उत्पन्न अधिक भरवशाचे ठरावे, हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे.

सर्वांत बोलके उदाहरण डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे. १९१८ ते १९२० या काळात ते मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात दरमहा ४५० रुपयांवर प्राध्यापक होते. १९२२ मध्ये ते बॅरिस्टर झाले आणि १९२३ मध्ये मुंबईस परतले, तेव्हा सनद घेण्यापुरतेही पैसे जवळ नव्हते. ते नवल भथेना या पारशी मित्राने दिले. पुढे आणखी मोठी अडचण उभी राहिली. मुंबई उच्च न्यायालयाच्या मूळ शाखेत बॅरिस्टरास थेट पक्षकाराकडून काम घेता येत नसे. ते सॉलिसिटरमार्फत यावे लागे. अस्पृश्य मानलेल्या समाजातील बॅरिस्टरास काम द्यावयास सॉलिसिटर सहसा राजी नसत. परिणामी एवढा विद्वान पुरुष खालच्या न्यायालयांतील किरकोळ कामांवर दिवस काढू लागला व जून १९२५ ते मार्च १९२८ पर्यंत त्यांनी बाटलीबॉय यांच्या हिशेबशिक्षण संस्थेत व्यापारी कायदा शिकविला. १९२६ मध्ये 'देशाचे दुश्मन' या पुस्तकाच्या खटल्यात त्यांनी आरोपींना सोडविले व त्यांचे नाव झाले. तरीही वर्ग सुटला नाही. कोल्हापुरात राजर्षी शाहू महाराजांनी अस्पृश्य समाजातील व्यक्तींना वकिलीच्या सनदा दिल्या, त्यामागील दूरदृष्टी या पार्श्वभूमीवर उठून दिसते. बंद असलेले दार त्यांनी उघडले. पण दारातून आत गेल्यावरची उपासमार सनदेने टळत नाही.

या तिन्ही थोरांच्या चरित्रांत एक समान धागा आहे. वकिलीने हात दिला नाही तेव्हा त्यांनी शिक्षकीकडे पाहिले. एका शिक्षकास याचा अभिमान वाटला, तर वाचकांनी क्षमा करावी.

आता आपल्या भागाकडे वळू. १९४८ पर्यंत आपला जिल्हा निजामाच्या राज्यात होता. न्यायालयाची भाषा उर्दू, फी हाली सिक्क्यात, आणि सात हाली म्हणजे सुमारे सहा कलदार असा हिशेब. मराठी बोलणाऱ्या कुळाला आपल्याच दाव्यातील कागद वाचता येत नसे. वकील हाच त्याचा दुभाषी. रझाकारांच्या अत्याचारांच्या निषेधार्थ राज्यातील अनेक वकिलांनी न्यायालयांवर बहिष्कार घातला व आपल्या उत्पन्नावर पाणी सोडले. हा त्याग थोरच. परंतु घरी शेतीवाडी असल्याखेरीज असा त्याग फार दिवस पेलत नाही, हेही खरे. १ नोव्हेंबर १९५६ रोजी मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात आला आणि आपली अपिले मुंबईस जाऊ लागली. २७ ऑगस्ट १९८१ रोजी औरंगाबादेस खंडपीठाचे काम सुरू झाले, तेव्हा ते अंतर कमी झाले. दरम्यान १९६१ च्या ॲडव्होकेट्स ॲक्टने वकील, प्लीडर, मुख्तार हे जुने भेद जाऊन ॲडव्होकेट हा एकच वर्ग राहिला. कायद्याने सर्व समान झाले. परंतु पहिल्या तीन वर्षांत घरातून पैसा येणारा आणि न येणारा हा भेद कोणत्याही कायद्याने मिटविला नाही.

हे मी पुस्तकांवरून लिहीत नाही. माझा धाकटा भाऊ १९८९ साली कायद्याची पदवी घेऊन जिल्ह्याच्या ठिकाणी एका ज्येष्ठ वकिलांकडे उमेदवार म्हणून राहिला. सकाळी आठ वाजता कचेरी उघडणे, डायरीतून तारखा काढणे, फायली बांधणे, अकरा वाजता बोर्ड पाहणे, पुकारा होईल तेव्हा हजर राहून मुदतीचा अर्ज देणे, नकलेसाठी खिडकीशी उभे राहणे, सायंकाळी पक्षकारांचे म्हणणे उतरून घेणे, रात्री दहापर्यंत टंकलेखन करणे — हा नित्यक्रम. वेतन शून्य. दिवाळीस एका सदऱ्याचे कापड व १०० रुपये. ज्येष्ठांस मी दोष देत नाही. तेही असेच शिकले होते व विद्या देण्यात त्यांनी हात आखडता घेतला नाही. त्या वेळी प्राथमिक शिक्षकाची वेतनश्रेणी १,२०० रुपयांपासून सुरू होत होती. माझ्या पगारातून २०० रुपये त्याच्या खोलीस व खाणावळीस जात. तिसऱ्या वर्षी वडील अंथरुणास खिळले, बहिणीचे लग्न ठरले, आणि मी त्याला पत्र लिहिले : "आता पुरे. मिळेल ती नोकरी धर." तीन वर्षे पुरी होण्यास सात महिने उरले होते. त्याने एका पतसंस्थेत कारकुनी धरली व कधी एका शब्दाने मला दोष दिला नाही. सनद अद्याप त्याच्या ट्रंकेत आहे. त्याच्याबरोबरचे जे टिकले, ते आज जिल्ह्यात नावाजलेले वकील आहेत. ते अधिक हुशार होते असे नव्हे. त्यांच्या घरून दाणागोटा येत राहिला.

या स्थितीची इतरांशी तुलना करून पाहू. २००० साली राज्यात शिक्षणसेवक योजना आली. तीही तीन वर्षांची उमेदवारीच. प्राथमिक शिक्षणसेवकास दरमहा ३,००० रुपये मिळत, ते २०२३ मध्ये १६,००० झाले. आम्ही शिक्षकांनी हे मानधन तुटपुंजे म्हणून आरडाओरड केली व ती रास्तच होती. पण तेथे शासननिर्णय होता व तीन वर्षांअंती कायम नेमणूक होती. दिवाणी न्यायाधीश कनिष्ठ स्तर या पदाचे आरंभीचे मूळ वेतन आज ७७,८४० रुपये आहे. मुंबईच्या मोठ्या विधिसंस्था नामांकित विद्यापीठांतील मुलांना आरंभीच वर्षास पंधरा-वीस लाखांच्या घरात वेतन देतात. मात्र काम मध्यरात्रीपर्यंत चालते. अमेरिकेत न्यूयॉर्कच्या मोठ्या संस्थांत २०२३ च्या अखेरीपासून पहिल्या वर्षाचे वेतन २,२५,००० डॉलर आहे. पण तेथे पक्षकाराच्या खाती लागणारे तास वर्षास १,९०० ते २,००० भरावे लागतात. म्हणजे पन्नास आठवडे धरले तर आठवड्यास सुमारे चाळीस तास नुसते मोजणीचे. प्रत्यक्ष श्रम त्याहून अधिक. सारांश, कष्ट सर्वत्र आहेत. भेद इतकाच की, तेथे तासन्‌तास मोजला जातो आणि कळंबच्या किंवा धाराशिवच्या न्यायालयातील उमेदवाराचा दिवस कोणीच मोजत नाही.

अलीकडे काही पावले पडली आहेत. ३० जुलै २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला की, सनदेच्या नोंदणीस कायद्याने ठरलेली फी, म्हणजे सर्वसाधारण उमेदवारास ७५० व अनुसूचित जाती-जमातींच्या उमेदवारास १२५ रुपये, याहून अधिक घेता येणार नाही. तत्पूर्वी निरनिराळ्या राज्यांत हा खर्च पंधरा हजारांपासून बेचाळीस हजारांपर्यंत जात असे. १५ ऑक्टोबर २०२४ रोजी बार कौन्सिल ऑफ इंडियाने परिपत्रक काढून ज्येष्ठांनी उमेदवारास किमान तीन वर्षे शहरी भागात दरमहा २०,००० व ग्रामीण भागात १५,००० रुपये द्यावेत असे सुचविले. परंतु ही शिफारस आहे, सक्ती नव्हे. आंध्र प्रदेशाने २०१९ मध्ये नव्या वकिलांस दरमहा ५,००० रुपयांची योजना सुरू केली. केरळनेही अल्प उत्पन्नाच्या नव्या वकिलांसाठी तशीच तरतूद केली.

दुसरीकडे २० मे २०२५ रोजी, अमरावतीचे भूषण गवई सरन्यायाधीश असताना, सर्वोच्च न्यायालयाने दिवाणी न्यायाधीशाच्या परीक्षेस बसण्यापूर्वी किमान तीन वर्षांची वकिली पुन्हा आवश्यक ठरविली. न्यायाधीशास न्यायालयाचा अनुभव हवा, यात वाद नाही. परंतु त्यामुळे ही तीन वर्षे आता दुहेरी महत्त्वाची झाली. ज्यास ती काढता आली नाहीत, तो वकीलही होणार नाही आणि न्यायाधीशही होणार नाही.

यावर काही वडीलधारे म्हणतील, "आम्ही उपाशी राहूनच शिकलो, पैसा दिला की मुले शिकत नाहीत." मी नम्रपणे विचारतो, जे उपाशी राहून मध्येच परत गेले, त्यांची गणती कोणी केली आहे काय? तालुक्याच्या ठिकाणी ज्येष्ठाचीही प्राप्ती बेताची असते व दरमहा १५,००० देणे सर्वांस शक्य नाही, हेही मी जाणतो. म्हणूनच हा भार एकट्या ज्येष्ठावर न टाकता समाजाने वाटून घ्यावा. आपले मंडळ वैद्यकीय व अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांचा सत्कार करते, शिष्यवृत्त्या देते. कायद्याच्या पदवीधरास मात्र हार-नारळ देऊन आपण निरोप देतो आणि त्याची खरी परीक्षा दुसऱ्या दिवशी सुरू होते.

तरी माझी सूचना अशी : मंडळाने 'वकिली उमेदवारी निधी' स्थापावा. एका उमेदवारास दरमहा ५,००० प्रमाणे छत्तीस महिन्यांचे १,८०,००० रुपये होतात, दोघांचे ३,६०,०००. वार्षिक मेळाव्याच्या मंडपाचा व भोजनाचा खर्च पाहता ही रक्कम आपल्या आवाक्याबाहेरची नाही. ज्ञातीतील ज्येष्ठ वकिलांनी आपल्या उमेदवारास काय देणार हे आरंभीच लिहून द्यावे, मग ते दोन हजार का असेना. उमेदवार स्थिरावला की त्याने ती रक्कम सवडीने निधीस परत करावी, म्हणजे पुढच्याची सोय होईल. निवड करताना घरची स्थिती पाहावी, आणि मुलींस प्रथम स्थान द्यावे. आपल्या नाशिकात जन्मलेल्या कॉर्नेलिया सोराबजींसारख्या विदुषीलाही वकील म्हणून उभे राहण्यासाठी दीर्घकाळ झगडावे लागले, आणि स्त्रियांना वकिलीचा मार्ग मोकळा करणारा कायदा १९२३ साली झाला. त्या शंभर वर्षांची भरपाई आपल्या घरापासून व्हावी.

निधीचा आरंभ म्हणून माझ्या निवृत्तिवेतनातून दरमहा २०० रुपये देण्याचे मी येथे लिहून देतो. ही रक्कम मी मुद्दामच धरली आहे. भावाचे सात महिने त्यातून परत येणार नाहीत, हे मला ठाऊक आहे. पुढील चैत्रात ती माउली पुन्हा आमराईत भेटेल, तेव्हा "बाई, पगार नाही; पण तीन वर्षे मंडळ तुमच्या लेकीच्या पाठीशी आहे," एवढे तरी मला सांगता यावे. आई येडेश्वरी ही सद्‌बुद्धी आपणां सर्वांस देवो.