बहुभाषिक मानसोपचार : दुःख कोणत्या भाषेत सांगावे?

मानसोपचाराचे मुख्य साधन शब्द हे आहे. परंतु ज्याच्या आयुष्याची वाटणी दोन किंवा तीन भाषांत झाली आहे, त्याने आपले दुःख कोणत्या भाषेत सांगावे? देशांतर केलेल्या माणसांवर उपचार करताना हा प्रश्न केवळ सोयीचा राहत नाही. निदान आणि उपचार या दोहोंची दिशा त्यावर ठरू शकते.

या प्रश्नाची मुळे मनोविश्लेषणाच्या उगमापाशीच सापडतात. १८८० मध्ये ऑस्ट्रियातील एका तरुणीला आजारी वडिलांच्या उशाशी बसलेली असताना भयंकर भास झाला. प्रार्थना करावी, तर तिला आपल्या जर्मन भाषेतील शब्दच सुचेनात. आठवल्या त्या इंग्रजी बालगीताच्या ओळी. पुढे दीर्घकाळ ती इंग्रजीतच बोलत राहिली. भोवतीच्या माणसांचे जर्मन तिला समजे, मात्र बोलता येत नसे. डॉ. योझेफ ब्रॉयर यांच्यापाशी मन मोकळे करण्याच्या या उपचाराला तिने ‘टॉकिंग क्युअर’ असे इंग्रजी नाव दिले. ब्रॉयर आणि सिग्मंड फ्रॉइड यांच्या १८९५ च्या ग्रंथात ती ‘अ‍ॅना ओ.’ या नावाने अजरामर झाली. मातृभाषा मुकी झाल्यावर दुसऱ्या भाषेने तिला वाट करून दिली होती.

जवळीक आणि अंतर

नाझी राजवटीच्या काळात युरोपातील अनेक विश्लेषक आणि रुग्ण अमेरिकेत गेले, तेव्हा हा विषय पुन्हा ऐरणीवर आला. एडिथ बक्सबाउम यांनी १९४९ मध्ये आणि राल्फ ग्रीनसन यांनी १९५० मध्ये यावर लेख लिहिले. ग्रीनसन यांच्या ऑस्ट्रियात जन्मलेल्या एका रुग्ण स्त्रीला जर्मनमध्ये बोलणे नकोसे वाटे. त्या भाषेत तिला आपण भेदरलेले लहान मूल आहोत असे वाटे, तर इंग्रजीत ती प्रौढ, सुसंस्कृत स्त्री असे. नवी भाषा तिच्यासाठी ढाल बनली होती.

या निरीक्षणाला पुढे प्रयोगांचीही जोड मिळाली. तुर्की मातृभाषा असलेल्या आणि नंतर इंग्रजी शिकलेल्या व्यक्तींवरील एक अभ्यास २००३ मध्ये प्रसिद्ध झाला. लहानपणी ऐकावी लागणारी दटावणी तुर्कीत कानी पडताच त्यांच्या त्वचेची विद्युत प्रतिक्रिया इंग्रजीतील त्याच दटावणीपेक्षा तीव्र होत असल्याचे त्यात आढळले. बालपणी घरात शिकलेली भाषा शरीरात मुरते. नंतर आलेली भाषा तुलनेने थंड राहते.

निदानाचा पेच

याचा परिणाम निदानावरही होतो. न्यूयॉर्कमध्ये लुईस मार्कोस आणि सहकाऱ्यांनी स्किझोफ्रेनियाच्या स्पॅनिशभाषक रुग्णांच्या दोन्ही भाषांत मुलाखती घेतल्या. इंग्रजी मुलाखतीत त्यांचा आजार अधिक गंभीर भासतो, असे १९७३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात दिसले. १९८१ च्या दुसऱ्या एका अभ्यासात नेमके उलट चित्र आढळले : स्पॅनिशमध्ये रुग्ण अधिक मोकळेपणाने बोलले, म्हणून लक्षणे अधिक प्रकट झाली. अडखळत्या भाषेतील संथपणा आजाराचे लक्षण ठरू शकतो, किंवा परक्या भाषेतील संयमामागे आजार दडूही शकतो.

उपचाराची रीत

म्हणूनच जाणकार बहुभाषिक चिकित्सक मातृभाषेचा आग्रह धरत नाही. आपण कोणत्या भाषा जाणतो हे तो आरंभीच सांगतो आणि निवड रुग्णावर सोपवतो. कोणत्या भाषेत रागावले जाई, कोणत्या भाषेत अंगाई म्हटली जाई, स्वप्ने कोणत्या भाषेत पडतात, अशी चौकशी तो करतो. अत्याचाराची आठवण प्रथम दुसऱ्या भाषेत सांगणे सुसह्य होऊ शकते. पुढे बळ आल्यावर तीच मूळ भाषेत सांगता येते. बोलता बोलता रुग्णाने भाषा बदलली, तर ती कोणत्या शब्दापाशी बदलली याकडे तो लक्ष देतो. ‘हुरहूर’, ‘रुखरुख’, ‘कोंडमारा’ यांसारख्या शब्दांना घाईने एखाद्या आजाराचे नाव न देता त्यांचा अर्थ तो रुग्णाकडूनच समजून घेतो.

स्थलांतरिताच्या दुःखाला आणखी एक पदर असतो. फिलाडेल्फिया येथील मनोविश्लेषक आणि उर्दू कवी सलमान अख्तर (गीतकार जावेद अख्तर यांचे बंधू) यांनी १९९९ मधील आपल्या ग्रंथात देशांतराकडे एक प्रकारचा शोक म्हणून पाहिले. मागे राहिलेली गल्ली, ऋतू, स्वयंपाकाचा वास यांचाही वियोग असतो. ‘तिथेच राहिलो असतो तर’ आणि ‘कधीतरी परत जाऊ’ या दोन कल्पनांत मन अडकते आणि वर्तमान निसटतो. अशा वेळी सोडलेली आणि स्वीकारलेली अशा दोन्ही भूमींना मनात जागा करून देणे, हे उपचाराचे काम ठरते.

संस्थात्मक पातळीवर लंडनमधील ‘नफ्सियत’ केंद्राचे उदाहरण महत्त्वाचे आहे. भारतीय वंशाचे मानसोपचारतज्ज्ञ जाफर करीम यांनी ते १९८३ मध्ये स्थापन केले. वंशभेदाचा अनुभव, संस्कृती आणि भाषा यांना उपचाराच्या केंद्रस्थानी आणणाऱ्या आरंभीच्या संस्थांपैकी ती एक होय.

दुभाषी आणि आपला देश

चिकित्सकाला भाषा येत नसेल, तर प्रशिक्षित दुभाषी हवा. घरातील मुलाला ते काम देणे अनिष्ट, कारण आईचे दुःख मुलाच्या तोंडून वदवल्यास दोघांवरही आघात होतो, आणि पतीसमोर पत्नी छळाविषयी बोलू शकत नाही. दुभाषी त्याच लहानशा समाजातील असल्यास गुप्ततेची हमी स्पष्ट शब्दांत देणे आवश्यक असते.

भारतात तर परदेशी न जाताही भाषांतर घडते. बिहार किंवा ओडिशातून मुंबईत आलेला कामगार आणि विदर्भातून बंगळुरूला गेलेली तरुणी, दोघेही रोज परक्या भाषेत जगतात. मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ नुसार रुग्णाला उपचारविषयक माहिती त्याला समजेल अशा भाषेत देणे अपेक्षित आहे. केंद्र सरकारने ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू केलेली ‘टेली मानस’ ही निःशुल्क सेवा (दूरध्वनी १४४१६) मराठीसह अनेक भारतीय भाषांत उपलब्ध आहे.

समुपदेशकाची निवड करताना त्याच्या पदवीबरोबरच दोन गोष्टी अवश्य विचाराव्यात : आपली भाषा त्याला येते का, आणि मध्येच भाषा बदलली तर चालेल का? दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर मोकळेपणाने ‘हो’ असे आले, तर भाषेमुळे येणारा संकोच तेथेच बराचसा दूर होतो.